शनिवारची नोंद

मी एक जुना प्रकाशीय तापमापक आहे. सूर्याचं तापमान ज्या नियमांनी कळलं, त्याच नियमांनी मी चालतो. सूर्य, रोहिणी, व्याध आणि मी, आम्ही सगळी एकाच शास्त्राची लेकरं आहोत. सध्या मी कासू गावात एका घराच्या माळ्यावर, वालाच्या बियाण्याच्या डब्याखाली आडवा आहे. तो डबा एका बाजूला कलतो.

मित्रांनो, कोणतीही वस्तू पुरेशी तापली की स्वतःच उजेड देऊ लागते. लोखंड सातशे अंशांच्या आसपास काळपट तांबडं होतं, नऊशेला तांबडं, बाराशेच्या पुढे पिवळं आणि मग पांढरं. म्हणजे रंग पाहून ताप सांगता येतो. हात लावावा लागत नाही. ताऱ्यांचंही तेच. तिथवर थर्मामीटर घेऊन कोणी गेलेलं नाही. त्यांचा नुसता उजेड पाहून लोकांनी ठरवलं की तांबूस दिसणारी रोहिणी साडेतीन हजार अंशांची आहे आणि निळसर पांढरा व्याध जवळजवळ दहा हजारांचा. लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार, हे तुम्हाला बाथरूमच्या नळांनी शिकवलं असेल. नळ रंगवणाऱ्यांनी वर पाहिलं नव्हतं.

माझी रचना साधी आहे. एक दुर्बिणीसारखी नळी, एक लाल काच, बाजूला एक सेल, आणि आत छोट्या दिव्यात केसासारखी बारीक तार. माणूस नळीला डोळा लावतो आणि वितळलेल्या लोखंडाकडे बघतो. त्या झगमगाटावर माझी तार आडवी दिसते. आधी ती काळी दिसते, कारण लोखंड तिच्याहून तेजस्वी असतं. मग तो माझं बटण फिरवतो, तार तापू लागते, उजळते. फार फिरवलं तर ती लोखंडाहून जास्त चमकते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी येते, की तार दिसेनाशी होते. तार आणि लोखंड सारख्याच तेजाचे झाले, म्हणून. तेवढ्यात बाजूच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा.

थोडक्यात, मी दिसेनासा झालो की माझं काम झालं असं समजतात. या सवयीचा मला पुढे फार उपयोग झाला.

माझी नेमणूक रोह्याला, पंपांची लोखंडी अंगं ओतणाऱ्या एका फाउंड्रीत झाली. मला निळ्या मखमलीच्या पेटीतून आणलं होतं. साहेबांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि एलिजा कासूकर नावाच्या माणसाच्या हाती दिलं. एलिजा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पेणहून रोज यायचे. बेने इस्रायली समाजाचे, म्हणजे आपल्या कोकणातले, घरात मराठी बोलणारे यहुदी. आडनाव कासूकर, पण कासूत त्यांचं कोणी उरलं नव्हतं. बरेचसे भाऊबंद एकेक करून इस्रायलला गेले होते. एलिजा रोज माझी भिंगं मऊ फडक्याने पुसायचे आणि पेटी बंद करताना कुलूप दोनदा ओढून बघायचे. इतक्या काळजीने मला पुन्हा कोणी हाताळलं नाही.

भट्टीवर पोपट होता. हा खरा कासूचा. सकाळी भाताच्या खाचरात आणि दुपारी भट्टीवर. पोपटने माझ्यातून कधी पाहिलं नाही. त्याची मोजपट्टी स्वतःची होती. लोखंड नऊशेवर असलं की तो म्हणायचा "गाजर". अकराशेला "पपई". साडेबाराशेला "पिकलं केळं". आणि चौदाशेच्या पुढे, ओतायच्या वेळी, "मीठ". धरमतरच्या बाजूला मिठागरं पाहून वाढलेला माणूस, त्याला पांढऱ्यासाठी दुसरा शब्द सुचला नाही.

"एलिजाभाऊ, मीठ झाला. वता."

"थांब. यंत्र तेराशे ऐंशी सांगतंय."

"मंग यंत्राला सांग, दोन मिंटं थांब. मीठ व्हतंय."

दोन मिनिटांनी माझी पट्टी चौदाशेला टेकायची. मला हे फार लागायचं. माझ्यासोबत जर्मन भाषेतलं प्रमाणपत्र आलं होतं. पोपटसोबत भाकरीचं फडकं.

आता एक गोष्ट सांगतो, ती फाउंड्रीत या दोघांखेरीज कोणालाही माहीत नव्हती. शनिवारी एलिजा कामावर येत नसत. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होई आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की संपे. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, दिवा लावायचा नाही, कोणतंही यंत्र चालवायचं नाही. बदल्यात ते रविवारी भट्टीच्या दुरुस्तीला येत. शनिवारी माझ्यातून बघायचं काम पोपटवर सोपवलेलं होतं. पोपट पेटी उघडतच नसे. नुसतं भट्टीत बघायचा आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावाने आकडा लिहायचा. चौदाशे पाच. तेराशे नव्वद. आकडे असे नेमके लिही की संशय येऊ नये. सोमवारी एलिजा ती नोंद वाचत आणि पेटीच्या कुलपावरची शुक्रवारची धूळ बघत. त्यांनी तीस वर्षांत एका शब्दाने विचारलं नाही. शनिवारचं ओतकाम कधी परत आलं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे.

मग फाउंड्रीत नवा तापमापक आला. पिस्तुलासारखा, एका हाताने धरायचा. चाप ओढला की आकडा. त्याला डोळा लावावा लागत नव्हता, तार नव्हती, नाहीसं होणं नव्हतं. शिवाय त्याला गार वस्तूंचाही ताप कळे. मित्रांनो, सगळ्याच वस्तू आपापल्या तापाप्रमाणे किरण सोडत असतात. तुम्हीसुद्धा सदतीस अंशांना अखंड प्रकाशत असता. फक्त तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, आणि मलाही दिसत नाही. माझी पट्टी सातशेपासून सुरू होते.

त्याच सुमारास एलिजा निवृत्त झाले. त्यांना शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि मी, असा निरोप मिळाला. साहेब भाषणात म्हणाले की हे यंत्र म्हणजे एलिजांच्या सेवेचं प्रतीक आहे. स्टोअरकीपरला कप्पा रिकामा हवा होता.

पेणला एलिजांच्या पत्नी दीनाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कुठे ठेवू आता?" त्यांनी मला गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. वाळवणाचं फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून मी उपयोगी पडे. कोकमं, सांडगे, लाल मिरच्या, सगळ्यांवर मी बसलो आहे. तापलेल्या पदार्थांशी माझा संबंध अगदीच तुटला असं म्हणता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मात्र दोघं गच्चीवर येत. एलिजा व्याध शोधत, ब्रह्महृदय शोधत, प्रत्येकाचा ताप सांगत. तिसरा तारा दीनाबाईंना आधी सापडे. त्यांची नजर तीक्ष्ण होती.

"तो काय. नारळाच्या डावीकडे."

"कुठे?"

"असे कसे हो तुम्ही. तीस वर्षं दुर्बिणीतून बघितलंत ना?"

मग खाली जाऊन दिवा, लवंगांचा वास, शब्बाथला निरोप आणि आदल्या दिवसापासून थांबलेला चहा.

साथीच्या वर्षी दीनाबाईंना ताप आला. त्या काळात माझा तो पिस्तुलवाला नातेवाईक गावोगाव फिरत होता. दुकानाच्या दारात, दवाखान्याच्या दारात, माणसांच्या कपाळावर रोखलेला. मी त्याच घरात, एक जिना वर होतो. एकशे तीनचा ताप माझ्या लेखी काहीच नव्हता. दीनाबाई आठव्या दिवशी गेल्या.

पेणच्या प्रार्थनालयात सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दीनाबाईंच्या वेळी सात जमले. एलिजांनी जे सातांत म्हणता येतं तेवढं म्हटलं.

मुलगी तामार इस्रायलमध्ये अश्दोदला असते. ती दर रविवारी फोन करी आणि दर रविवारी एकच सांगे: पप्पा, इकडे या. एलिजांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, हे शेजारच्या कृष्णाबाईंनी तिला कळवलं होतं. शेवटी एका रविवारी एलिजा जिन्याच्या खोलीत येऊन, फोन कानाला लावून, माझ्या शेजारी उभे राहिले.

"ऐक तामार. इथून मला तीन तारे दिसतात तोवर मी इथे. ज्या शनिवारी तिसरा दिसणार नाही, त्या रविवारी मी बॅग भरतो. कबूल?"

"पप्पा, वेळ फोनवर बघता येते. सात वाजून पाच मिनिटं. गच्चीवर कशाला चढता?"

"शब्बाथला फोन बघायचा नाही, हे तुला मी सांगू?"

ती कबूल झाली. तिला वाटलं, सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

तेव्हापासून प्रत्येक शनिवार ही परीक्षा झाली. पहिले दोन तारे ठळक, ते एलिजांना धुरकट का होईना दिसत. तिसऱ्यासाठी ते नारळाच्या डावीकडे बघत बसत, कारण दीनाबाई तिकडे दाखवायच्या. तारे ऋतूप्रमाणे जागा बदलतात हे त्यांना ठाऊक होतं. तरी बघायचे तिथेच. पहिल्या हिवाळ्यात काही शनिवार त्यांना तासभर थांबावं लागलं. चहा तासभर थांबला. आणि मग एका शनिवारी नारळाच्या डावीकडे खरोखरच एक तारा उगवला. तांबूस, स्थिर, दर आठवड्याला त्याच जागी. एलिजा मोठ्याने "तीन" म्हणाले आणि तिकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले.

मला तो तारा खिडकीतून दिसत होता. मला काही बोलता येत नाही, ही माझ्या जातीची मर्यादा आहे.

एका माघात पोपट भेटायला आला. कासूहून दुपारच्या गाडीने, पिशवीत वालाच्या शेंगा घेऊन. तोही निवृत्त झाला होता. दोघं गच्चीवर बसले.

"एक व्याध," एलिजा म्हणाले. "दोन ब्रह्महृदय. आणि तीन, तो तिकडे. नारळापाशी."

पोपटने तिकडे पाहिलं. चाळीस वर्षं भट्टीत पाहिलेला माणूस.

"तो?"

"तोच. का?"

"नाय. लय लाल हाय."

"रोहिणी असेल."

"रोईनी त्या अंगाला हाय, डोक्यावर. आन ती बगा, जराशी लुकलुकते. हा डोला मारीत नाय."

एलिजांनी खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाले, "तिथे खिडकीत यंत्र आहे. मला अजून हात लावता येणार नाही. तू बघ. सेल लावू नकोस, नुसता बघ."

पोपटने मला उचललं. पहिल्यांदाच. लाल काच बाजूला सारली, डोळा लावला, मला नारळाच्या डावीकडे वळवलं. मी मोजायचं यंत्र असलो तरी आधी दुर्बीण आहे. पोपटला जे दिसलं ते मलाही दिसलं. तारा एका लोखंडी शिडीवर उभा होता. शिडी टॉवरची होती, आणि टॉवर मोबाइलचा. विमानांना दिसावा म्हणून त्याच्या टोकावर लाल दिवा लावला होता.

मित्रांनो, त्या दिव्याबद्दल एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे. तो एलईडीचा होता. असा दिवा तापल्यामुळे लाल होत नाही. तो जवळजवळ गारच असतो आणि तरीही लाल दिसतो. रंगावरून ताप सांगायची विद्या त्याच्यापुढे चालत नाही. मी, सूर्य आणि पोपट, तिघेही तिथे निरुपयोगी होतो.

पोपटला तामारशी ठरलेली अट ठाऊक होती. एलिजांनीच दुपारी सांगितली होती. त्याने मला डोळ्यावरून बरंच उशिरा काढलं.

"तारा हाय," तो म्हणाला.

"कितीचा?"

"गाजर."

"गाजर म्हणजे नऊशे. एवढा गार तारा नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पोपट."

"मंग तुमचा यंत्र बिगाडला असेल. म्हातारा झाला तो बी."

दोष माझ्यावर आला. एलिजा थोडं हसले. "तीन तर तीन," म्हणाले, आणि दोघं चहा करायला खाली गेले. मला पोपट कठड्यावरच विसरला. माझ्या बाजूने मी एवढंच म्हणेन की माझ्या भिंगात काहीही बिघाड नव्हता.

त्यानंतर पोपट महिन्यातून एखाद्या शनिवारी येऊ लागला. तो आला की तिसरा तारा मोजून द्यायचा, "हाय" म्हणायचा. खरे तारे तोवर निघालेले असायचेच, अगदी डोक्यावर पाच-दहा. ते एलिजांना दिसत नव्हते. त्यांना दाखवून काही उपयोग नव्हता, कारण अट स्वतः बघण्याची होती. एक वर्ष असं गेलं.

पुढच्या माघात पोपटकडे वालाची मळणी होती. एलिजा शनिवारी एकटेच वर आले. व्याध. ब्रह्महृदय. मग नारळाच्या डावीकडे. तिथे काहीच नव्हतं.

ते थांबले. कठड्याला हात धरून, मान तिकडे वळवून. आकाशात दहा तारे झाले, पंधरा झाले. बाजारात दिवे लागले. एलिजांचा शब्बाथ संपेना. खाली तामारचा फोन दोनदा वाजून थांबला; ती स्वतः शब्बाथ पाळत नसे आणि अट ठरल्यापासून शनिवारी रात्रीही निकाल विचारायला फोन करी. तेव्हा कृष्णाबाई वर आल्या.

"एलिजाभाऊ, काय झाला? पोर तिकडून फोन करतेय. मला केलान शेवटी."

"तिसरा निघाला नाही अजून."

"कसला तिसरा? वर बगा की. भरलाय सगला."

"तो नारळाच्या बाजूचा. रोजचा."

कृष्णाबाईंनी नारळाकडे पाहिलं. त्या पोपटसारख्या भट्टीवर काम केलेल्या नव्हत्या. त्यांना वेळ साधून बोलायची सवय नव्हती.

"तो व्हय? तो टॉवरचा दिवा. कालपास्नं बंद हाय. माझ्या जितेशला म्हटला बी मी, आंधार झालाय तिकडं."

 मग एलिजांनी विचारलं, "टॉवर कधी झाला?"

"तीन वर्सं झाली असतील. दीनावैनी गेल्या त्याच्या म्होरच्या वर्साला."

एलिजा मनात काहीतरी मोजत होते. तीन वर्षांचे शनिवार असतील. त्यांतले पावसाळ्याचे वगळायचे, कारण पावसाळ्यात ते छापील वेळापत्रकावर चालत.

"पोपटने यंत्रातून पाहिला होता," ते शेवटी म्हणाले.

"मंग त्याला ठावं असणार," कृष्णाबाई म्हणाल्या. "चला, चा टाकते मी. मला कसला शब्बाथ."

रविवारी पोपट आला. मळणी अर्धी टाकून, अंगावर भुसा तसाच. दोघं वर आले. बहुधा बोलायला तीच जागा होती.

"तू पाहिलंस."

"पायला."

"काय दिसलं?"

"शिडी."

"मग?"

पोपटने अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली. त्याला माझ्याकडे बघणं सोपं जात होतं.

"वतायची येल झालेली. थांबला असता तर गार झाला असता."

एलिजांनी मान डोलावली. "शनिवारची नोंद तुझीच," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं.

"भाऊ, जाऊ नका. मी दर शनिवारी येतो. सकालच्या गाडीनं येतो."

"बोललो आहे तिला."

"तिला काय कलतंय तिकडं?"

"मला कळतं ना."

 एलिजांनी बॅग भरायला घेतली. मला तीनदा बॅगेत ठेवलं आणि तीनदा काढलं. वजनाची अडचण होती. शिवाय नळी, वायर, सेल आणि जर्मन कागद अशा वस्तूसह त्या देशाच्या विमानात बसणं अवघड जाईल, असं तामारने सांगितलं. शेवटी त्यांनी माझी भिंगं पुसली, पेटीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि मला पोपटच्या हातात दिलं. पेणच्या स्टेशनवर दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी पेटीत होतो.

अश्दोदला पहिल्याच पंधरवड्यात एलिजांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एकेका डोळ्याला वीस मिनिटं लागली. तसं ते पनवेललाही झालं असतं. आता त्यांना समुद्रावरचे सगळे तारे दिसतात. ते रविवारी पोपटला फोनवर सांगतात की तिथे तीन मोजून होईपर्यंत तीस निघतात, आणि कोणाला दाखवायला कोणी नसतं, कारण सगळ्यांनी वेळ फोनवर बघितलेली असते.

कासूत संध्याकाळ आधी होते. शनिवारी पोपट अंगणात उभा राहतो, तीन तारे मोजतो आणि अश्दोदला फोन लावतो. तिथे तेव्हा ऊन असतं. शब्बाथ चालू असतो, एलिजा फोन उचलू शकत नाहीत, हे पोपटला माहीत आहे. तो तीन वेळा वाजू देतो आणि बंद करतो. पोपटची बायको जनी ओट्यावरून म्हणते, "उचलीत नाय तर लावता कशाला?" पोपट म्हणतो, "नोंद हाय ती."

मी हे सगळं माळ्यावरच्या झरोक्यातून बघतो. पोपट अंगणात सदतीस अंशांना उभा असतो. माझ्या पट्टीवर तो नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. जुन्या यंत्रांची भिंगं मऊ फडक्याने पुसा. सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे वर्षातून एकदा तपासा, आणि त्यांना काय दिसतं हे विचारण्याआधी ते कुठे बघत आहेत तेही बघा. कोणी लाल दिसलं म्हणून ते तापलेलं आहे असं समजू नका. कोणी अजिबात प्रकाशताना दिसलं नाही, म्हणून ते गार आहे असंही समजू नका. कदाचित तुमची मोजपट्टी फार वरून सुरू होत असेल.

टॉवरवरचा तो दिवा त्या शनिवारनंतरच्या मंगळवारीच बदलला होता.